सैनिकाच्या जोडीदाराचे वास्तव्य : अमेरिकी कायद्यातील एका प्रश्नाचा इतिहास

परदेशी नेमणूक झालेला सैनिक आपले घर सोडून गेला असे समजावयाचे काय, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक देशांच्या कायद्यांनी फार पूर्वीच देऊन टाकले आहे. सैनिक जातो तो हुकमाने. स्वतःच्या इच्छेने नव्हे. अधिवास बदलण्यास देहाबरोबर मनही हलावे लागते, आणि सैनिकाच्या बाबतीत देह हलला तरी मन हलले असे गृहीत धरता येत नाही. या उपपत्तीविषयी विधिज्ञांत फारसा मतभेद नाही. मतभेद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. त्या सैनिकाबरोबर जी पत्नी जाते ती कोणाच्या इच्छेने जाते? तिला कोणी हुकूम दिलेला नसतो. ती गेली नाही तर तिला शिक्षा होत नाही. मग तिचे जाणे ऐच्छिक मानावयाचे, की पतीच्या हुकमाचाच एक भाग?

जुन्या कायद्यापुढे हा प्रश्नच उद्भवत नसे. विवाहाने स्त्रीला पतीचा अधिवास प्राप्त होतो आणि विवाह टिकून असेपर्यंत तिचा अधिवास पतीच्या अधिवासामागून चालतो, हे तत्त्व आपल्याकडे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या १५ व्या व १६ व्या कलमांत नमूद आहे. (त्या कायद्याचा अधिवासविषयक भाग हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन मृतांच्या वारसाला लागू नाही, ही गोष्ट वेगळी.) इंग्लंडात हेच तत्त्व १९७३ च्या कायद्याने रद्द होऊन १९७४ च्या आरंभापासून विवाहित स्त्रीस स्वतंत्र अधिवास मिळाला. पतीचा अधिवास हलत नाही म्हणून पत्नीचाही हलत नाही, इतके सोपे ते गणित होते. त्या सोपेपणाची किंमत काय होती हे पुढे दिसेलच.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाला वेगळीच धार आली. याचे कारण तेथील कायद्याने निर्माण केलेला ‘कायम रहिवासी’ हा वर्ग. कायम रहिवासी हा नागरिक नव्हे. तो परकीयच असतो; मात्र त्याला देशात कायमचे राहण्याची, काम करण्याची आणि ठराविक मुदतीनंतर नागरिकत्व मागण्याची मुभा असते. सामान्य बोलीत ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात तो या स्थितीचा पुरावा. परंतु ‘कायम’ या शब्दाने फसून जाऊ नये. हा हक्क उपभोगाने टिकतो. जो तेथे राहतो तोच रहिवासी. जो दीर्घकाळ बाहेर राहिला त्याने आपली स्थिती सोडून दिली, असा निष्कर्ष अधिकारी काढू शकतात, आणि मग हातात कार्ड असूनही बंदरावर किंवा विमानतळावर त्याला नवागताप्रमाणे उभे राहावे लागते. नागरिक कितीही वर्षे बाहेर राहिला तरी परत येऊ शकतो. कायम रहिवाशाला परत येण्यासाठी आपण खऱ्या अर्थाने गेलोच नव्हतो हे पटवून द्यावे लागते. सैनिकाची परदेशी जन्मलेली पत्नी नेमकी या ठिकाणी सापडली.

या प्रकरणाचा आरंभ १८५५ सालापासून धरावा लागतो. त्या वर्षीच्या कायद्याने असे ठरविले, की जी परकीय स्त्री कायद्याने नागरिक होण्यास पात्र आहे तिने अमेरिकी नागरिकाशी विवाह करताच ती नागरिक समजली जावी. अर्ज नाही, वास्तव्याची अट नाही, परीक्षा नाही. अशा स्त्रीला वास्तव्य ‘राखण्याची’ चिंता असण्याचे कारण नव्हते, कारण ती विवाहमंडपातूनच नागरिक होऊन बाहेर पडत असे. परंतु या तत्त्वाची दुसरी बाजू १९०७ साली उघड झाली. परकीयाशी विवाह करणारी अमेरिकी स्त्री पतीचे राष्ट्रीयत्व घेते, असे त्या वर्षीच्या कायद्याने सांगितले. सॅन फ्रान्सिस्कोच्या एथेल मॅकेन्झी यांनी १९०९ साली एका स्कॉटिश गायकाशी विवाह केला होता. त्या आपल्या गावातून कधी हलल्या नाहीत. तरीही कॅलिफोर्नियात स्त्रियांना मताधिकार मिळाल्यानंतर त्या नाव नोंदविण्यास गेल्या तेव्हा, तुम्ही आता नागरिक नाही, असे त्यांना सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली हेच मान्य केले. पाऊलही न हलविता एक स्त्री परकीय झाली. देहाचे वास्तव्य एकीकडे आणि कायद्यातील वास्तव्य दुसरीकडे, ही फारकत पुढच्या सर्व इतिहासात पुनःपुन्हा आढळते. येथे ती स्त्रीच्या विरुद्ध गेली इतकेच.

स्त्रियांना १९२० साली देशभर मताधिकार मिळाला आणि दोनच वर्षांनी, २२ सप्टेंबर १९२२ रोजी, केबल कायदा संमत झाला. विवाहित स्त्रीचे राष्ट्रीयत्व पतीपासून स्वतंत्र असावे, हे या कायद्याचे सूत्र. स्त्रीवादी चळवळीचा तो मोठा विजय होता आणि तसा तो गौरविलाही जातो. (तो पूर्ण नव्हता. नागरिक होण्यास वंशाने अपात्र असलेल्या परकीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे नागरिकत्व १९३१ पर्यंत जातच राहिले. १९२३ च्या थिंड निकालाने हिंदी लोक अपात्र ठरल्यानंतर तारकनाथ दास यांच्या अमेरिकी पत्नी मेरी दास यांनाही याचा फटका बसला.) तथापि या विजयाची एक बाजू तितकीशी लक्षात घेतली गेलेली नाही. अमेरिकी नागरिकाशी विवाह करणारी परकीय स्त्री आता आपोआप नागरिक होईना. तिला अर्ज करावा लागे आणि त्यापूर्वी देशात सलग एक वर्ष राहिल्याचे दाखवावे लागे. १९३४ साली ही मुदत तीन वर्षांची झाली. म्हणजे तिचे राष्ट्रीयत्व जसे तिचे स्वतःचे झाले तशी तिची अनुपस्थितीही तिची स्वतःची झाली. पतीच्या नावावर ती खपविता येईना. पुढील साऱ्या अडचणीचे बीज येथे आहे.

त्या काळी मात्र ही अडचण फारशी जाणवली नाही. दोन महायुद्धांमधील अमेरिकी सैन्य लहान होते आणि परदेशातील त्याची ठाणी मोजकीच होती. तिएनत्सिन येथे १९१२ पासून १९३८ पर्यंत असलेली १५ वी पायदळ पलटण हे त्यांतील एक ठळक उदाहरण. परंतु पुढे ज्या चौकटीत सैनिकपत्नीचा प्रश्न सोडवावा लागला, ती चौकट याच काळात तयार झाली. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने देशवार कोटा ठरविला आणि कोट्याबाहेरच्या वर्गांत ‘परदेशी तात्पुरत्या भेटीहून परतणारा’ रहिवासी घातला. त्याच कायद्याच्या १० व्या कलमाने पुनःप्रवेशाच्या परवान्याची व्यवस्था केली. जाण्यापूर्वी अर्ज करावा, एक वर्षाचा परवाना घ्यावा, कारण असल्यास मुदत वाढवून घ्यावी. ‘तात्पुरती भेट’ या दोन शब्दांचा अर्थ कायद्याने सांगितला नाही. तो अधिकाऱ्यांवर आणि न्यायालयांवर सोडला.

परवान्याच्या कागदाला किती बळ असते, याचा एक जुना दाखला अमेरिकी विधिज्ञांच्या नजरेसमोर सदैव असे. चाए चान पिंग हा चिनी मजूर १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहत होता. १८८७ च्या जून महिन्यात परतीचा अधिकृत दाखला घेऊनच तो मायदेशी गेला. तो बोटीत असतानाच, १ ऑक्टोबर १८८८ रोजी, स्कॉट कायद्याने असे सर्व दाखले रद्द केले. आठवड्याभरात त्याची बोट बंदरास लागली आणि त्याला उतरू दिले गेले नाही. १८८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. परत येण्याचा परकीयाचा हक्क हा सार्वभौम सत्तेच्या मर्जीवर अवलंबून आहे, हा त्या निकालाचा आशय होता.

१९४६ हे वर्ष या इतिहासाचा खरा सांधा होय. २८ डिसेंबर १९४५ रोजी ‘युद्धवधू’ कायदा संमत झाला. सैनिकांच्या परदेशी पत्नी व मुले यांना कोट्याबाहेर प्रवेश देणारा हा कायदा. २६ जानेवारी १९४६ रोजी ‘अर्जेंटिना’ ही बोट साउथॅम्प्टनहून वधूंना घेऊन निघाली आणि ४ फेब्रुवारीस न्यूयॉर्कला पोहोचली. पुढील तीन वर्षांत या कायद्याखाली एक लाखाहून अधिक माणसे अमेरिकेत आली, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. सर्वांनाच ही दारे उघडी नव्हती. वंशाच्या अटी कायद्याने शिथिल केल्या नव्हत्या. अमेरिकी पलटणी १९४२ पासून हिंदुस्थानात होत्या. परंतु हिंदी स्त्रीशी विवाह केलेल्या सैनिकाला तिला नेण्याचा मार्ग २ जुलै १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने हिंदी लोक नागरिकत्वास पात्र ठरल्यावरच मोकळा झाला. जपानी पत्नींसाठी २२ जुलै १९४७ ची दुरुस्ती यावी लागली, आणि तीही अल्प मुदतीची होती.

याच वर्षी उलट दिशेनेही बोटी जाऊ लागल्या. एप्रिल १९४६ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबियांना घेऊन पहिली बोट जर्मनीतील ब्रेमरहाफेन बंदरात आली. जपानमध्येही कुटुंबे त्याच वर्षी दाखल होऊ लागली. ताबा घेणारे सैन्य आता दीर्घकाळ राहणार, आणि घरापासून तुटलेला सैनिक शिस्तीने राहत नाही, हा त्यामागचा हिशेब होता. या दोन प्रवाहांकडे एकत्र पाहिल्याशिवाय पुढचे कोडे समजत नाही. एक प्रवाह परदेशी पत्नींना कायम वास्तव्यासाठी अमेरिकेत आणीत होता. दुसरा प्रवाह सैनिकांच्या पत्नींना अमेरिकेबाहेर नेत होता. काही वर्षांतच दोन्ही प्रवाहांत एकच स्त्री दिसू लागली : वधू म्हणून आलेली, रहिवासी झालेली आणि नागरिक होण्याआधीच पतीच्या पुढच्या नेमणुकीवर निघालेली.

तिच्यापुढील धोका कसा होता हे त्या काळच्या दोन प्रसिद्ध खटल्यांवरून दिसते. त्यांतील एकही खटला तंतोतंत तिचा नाही. परंतु दोहोंच्या मध्ये ती उभी आहे. एलन नॉफ या जर्मनीत जन्मलेल्या स्त्रीने फ्रँकफुर्ट येथे अमेरिकी सैन्याच्या मुलकी नोकरीत असलेल्या एका माजी सैनिकाशी १९४८ च्या फेब्रुवारीत विवाह केला. ऑगस्टमध्ये ती न्यूयॉर्कला पोहोचली, तेव्हा तिला एलिस बेटावर अडवून ठेवण्यात आले. कारण गुप्त, सुनावणी नाही. युद्धवधू कायदा असूनही १९५० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू ग्राह्य धरली. तिला अखेर १९५१ साली प्रवेश मिळाला तो प्रशासकीय निर्णयाने. दुसरा खटला इग्नात्झ मेझेई याचा. तो १९२३ ते १९४८ अशी पंचवीस वर्षे बफेलो येथे राहिलेला रहिवासी होता. आसन्नमरण आईला भेटण्यासाठी तो रुमानियाकडे निघाला, तेथे प्रवेश मिळाला नाही आणि हंगेरीतून बाहेर पडण्याचा परवाना मिळेपर्यंत एकोणीस महिने अडकून पडला. त्याची पत्नी बफेलोतच होती. तो १९५० साली परतला तेव्हा त्याला प्रवेश नाकारला गेला आणि १९५३ च्या मार्चमध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तेच मान्य केले. गंमत अशी की त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, क्वाँग हाय च्यू या अमेरिकी बोटीवरील खलाशाच्या खटल्यात, रहिवासी खलाशी समुद्रावर असला तरी तो देशातच आहे असे समजून त्याला सुनावणीचा हक्क आहे, असे त्याच न्यायालयाने म्हटले होते. फरक कशात होता? च्यू अमेरिकी बोटीवर, परवानगीने गेला होता. मेझेई परतीच्या कागदांवाचून, स्वतःच्या मर्जीने, पोलादी पडद्यापलीकडे जाऊन राहिला होता. सैनिकपत्नी या दोघांपैकी कोणासारखी? ती अमेरिकी ध्वजाखालच्या छावणीत राहत होती, म्हणजे च्यूसारखी. तिला कोणी पाठविले नव्हते, म्हणजे मेझेईसारखी.

या पार्श्वभूमीवर १९५२ चा स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायदा वाचला पाहिजे. काँग्रेसला हा प्रश्न अगदीच दिसला नव्हता असे नाही. १९४० च्या राष्ट्रीयत्व कायद्यातच अशी सोय होती, की ज्याचा जोडीदार नागरिक असून सरकारी नोकरीत परदेशी नेमलेला आहे, त्याला पूर्ववास्तव्याच्या अटीशिवाय नागरिकत्व द्यावे. १९५२ च्या कायद्याच्या ३१९ व्या कलमाच्या ‘ब’ पोटकलमात ती सोय कायम राहिली. नेमणूक संपताच परत येऊन राहण्याचा प्रामाणिक इरादा मात्र जाहीर करावा लागे. वरवर पाहता येथे प्रश्न मिटला असे वाटते. परंतु या मार्गाला दोन मर्यादा होत्या. पहिली, सैनिक स्वतः नागरिक असला पाहिजे. आणि अमेरिकी सैन्यात नागरिक नसलेले, स्वतःच रहिवासी असलेले शिपाई नेहमीच राहिले आहेत. दुसरी, ज्या स्त्रीला नागरिकत्व बदलावयाचे नव्हते, मायदेशातील वारसा, जमीन किंवा वृद्ध आईबाप यांच्यामुळे ते बदलणे परवडत नव्हते, तिला हा मार्ग निरुपयोगी होता. तिला फक्त रहिवासी राहावयाचे होते. आणि नागरिक होण्यापेक्षा रहिवासी राहणे कठीण, अशी विपरीत स्थिती कायद्याने निर्माण केली.

तिच्या हाती उरला तो पुनःप्रवेशाचा परवाना. पुढे त्याची मुदत दोन वर्षांची झाली, ती न वाढविता येणारी. जर्मनी किंवा जपानमधील सहकुटुंब नेमणूक साधारणतः तीन वर्षांची असते. दोन आणि तीन यांमधील हा फरक कोणा एका अधिकाऱ्याच्या दुष्टपणाचा परिणाम नाही. दोन निरनिराळ्या खात्यांनी एकमेकांकडे न पाहता आखलेल्या मुदती आहेत. परवान्यासाठी अर्ज करताना अर्जदार अमेरिकेत हजर असावा लागतो, यामुळे तर मध्येच नवा परवाना घ्यावयाचा म्हणजे महासागर ओलांडून येणे आले.

प्रशासनाने मात्र व्यवहारात काही मोकळीक ठेवली होती, आणि तिचा उल्लेख करणे न्यायाचे होईल. वर्षभराहून अधिक बाहेर राहिलेल्या रहिवाशाचे कार्ड प्रवेशास पुरेसे मानले जात नाही. परंतु सरकारी हुकमाने बाहेर गेलेला सैनिक किंवा मुलकी नोकर, आणि त्याच्या नेमणुकीच्या काळात परदेशी राहिलेले त्याचे पत्नी-मूल, यांचे कार्ड मुदत संपलेले असले तरी चालते, असा नियम २००८ च्या पूर्वीपासून आहे. अट एवढीच, की पत्नी-मूल त्याच्या आधी, त्याच्याबरोबर, किंवा त्याच्यामागून चार महिन्यांच्या आत परतत असावेत. परंतु हा नियम कागदासंबंधी होता, स्थितीसंबंधी नव्हता. तो कार्ड स्वीकारावयास सांगे. वास्तव्य सोडले नाही असे ठरवून देत नसे.

दुसऱ्या बाजूस यजमान देशांचे कायदे होते. १९ जून १९५१ च्या उत्तर अटलांटिक करारातील सैन्यस्थितिविषयक संधीने ठरविले, की पाहुण्या सैन्यातील व्यक्तीला यजमान देशात कायम वास्तव्याचा किंवा अधिवासाचा हक्क प्राप्त होत नाही. जानेवारी १९६० च्या अमेरिका-जपान संधीच्या ९ व्या कलमात तर हेच वाक्य कुटुंबियांनाही स्पष्टपणे लावले आहे. योकोसुका येथे पतीबरोबर राहणाऱ्या फिलिपिनी किंवा कोरियन पत्नीची कायदेशीर स्थिती यामुळे चमत्कारिक झाली. जपानी कायद्याच्या दृष्टीने ती जपानात राहत नव्हती. अमेरिकी स्थलांतर खात्याच्या दृष्टीने ती अमेरिकेत राहत नव्हती. जेथे तिची चूल पेटत होती त्या जागेला वास्तव्य म्हणावयास दोन्ही देश तयार नव्हते.

‘तात्पुरती भेट’ या शब्दांचा अर्थ न्यायनिर्णयांतून हळूहळू घट्ट होत गेला. स्थलांतरविषयक अपील मंडळाने १९७५ सालच्या केन प्रकरणात पाहावयाच्या गोष्टी सांगितल्या : जाण्याचा हेतू काय, परतण्याचा काळ निश्चित आहे काय, आणि खरे घर व नोकरी कोठे आहे. १९८८ च्या हुआंग प्रकरणात जपानात पतीजवळ राहिलेल्या एका रहिवासी स्त्रीच्या बाबतीत मंडळाने वास्तव्य सोडल्याचा निष्कर्ष काढला. पती तेथे विद्यापीठाशी निगडित होता आणि तिचे परतणे त्याच्या कामाच्या समाप्तीवर अवलंबून होते. तो पती सैनिक नव्हता. परंतु या कसोटीने सैनिकपत्नीला मोजून पाहिले तर काय होते? जाण्याचा हेतू : पतीबरोबर राहणे. परतण्याचा काळ : सेनाखाते ठरवील तो, आणि तोही लांबविता येणारा. घर : छावणीतील सरकारी निवास. तिन्ही उत्तरे तिच्या विरुद्ध जातात. १९५५ साली विवाहित स्त्री म्हणून तिची जी कुचंबणा होती ती १९८८ साली अधिक सुस्पष्ट भाषेत मांडली गेली, एवढेच.

येथे सैन्याच्या व्यवस्थेतील एक जुना भेद ध्यानात आणावा. ब्रिटिश पलटणींत पूर्वी शिपायांच्या बायकांपैकी ठराविक संख्येलाच पलटणीच्या पटावर घेतले जाई. त्यांनाच बराकीत जागा, शिधा आणि पलटणीबरोबरचा प्रवास मिळे. परवानगीवाचून लग्न केलेल्या शिपायाची बायको कायद्याने पत्नी असली तरी पलटणीच्या लेखी अस्तित्वात नसे. आपल्याकडे पुणे, अहमदनगर येथील छावण्यांत आलेल्या गोऱ्या पलटणींनाही हाच नियम लागू होता. अमेरिकी सैन्यातील आजची ‘पुरस्कृत कुटुंब’ ही कल्पना या पटाचीच वंशज म्हणता येईल. नेमणुकीच्या हुकमात ज्या जोडीदाराचे नाव आहे त्याला निवास, दवाखाना, शाळा, प्रवास. ज्याचे नाही तो स्वतःच्या जबाबदारीवर. वास्तव्याच्या प्रश्नाचे उत्तर काँग्रेसने शेवटी दिले ते याच पटाचा आधार घेऊन.

ते उत्तर इराक व अफगाणिस्तानच्या युद्धकाळात आले. नागरिक नसलेले अनेक शिपाई त्या युद्धांत लढत होते. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ३ जुलै २००२ च्या आदेशाने अशा शिपायांना नागरिकत्वासाठी ताबडतोब अर्ज करण्याची मुभा दिली, आणि २००३ च्या कायद्याने १ ऑक्टोबर २००४ पासून त्यांचा शपथविधी परदेशी ठाण्यांवरही होऊ लागला. शिपायाचे झाले, जोडीदाराचे राहिले. २८ जानेवारी २००८ रोजी संमत झालेल्या संरक्षणविषयक कायद्याने स्थलांतर कायद्याच्या २८४ व्या कलमात ‘ब’ हे नवे पोटकलम घातले. सैनिकाच्या अधिकृत हुकमान्वये त्याच्याबरोबर परदेशी राहण्यास ज्याला परवानगी आहे आणि जो खरोखर त्याच्याबरोबर राहत आहे, जोडीदार असल्यास वैवाहिक सहवासात राहत आहे, अशा रहिवाशाचे परदेशातील वास्तव्य हे रहिवासी स्थितीचा त्याग समजू नये. इतकेच नव्हे, तर ती अनुपस्थितीही समजू नये. ही शेवटची तरतूद हेतुपुरस्सर होती. १९९६ च्या कायद्याप्रमाणे १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेला रहिवासी परतताना पुन्हा प्रवेश मागणारा समजला जातो. हा नियमही सैनिकाच्या जोडीदारापुरता दूर झाला. त्याच कायद्याने ३१९ व्या कलमात घातलेल्या ‘इ’ या पोटकलमामुळे असा काळ नागरिकत्वासाठी लागणाऱ्या वास्तव्यात धरला जाऊ लागला, आणि जोडीदाराचा शपथविधीही परदेशात होऊ शकला.

दुसऱ्याच एका कायद्याशी या तारखेची तुलना उद्बोधक आहे. सैनिक नेमणुकीमुळे एका संस्थानातून दुसऱ्यात गेला तरी करआकारणीच्या दृष्टीने त्याचे वास्तव्य बदलले असे समजू नये, ही तरतूद अमेरिकेत १९४२ सालीच झाली. त्याच्या जोडीदाराला तीच सवलत ११ नोव्हेंबर २००९ च्या कायद्याने मिळाली. सदुसष्ट वर्षांचे हे अंतर केवळ दुर्लक्षाचे म्हणता येत नाही. १९४२ साली पत्नीला स्वतंत्र उत्पन्न असेल आणि त्यावर स्वतंत्र कर पडेल, ही गोष्टच विधिमंडळाला अपवादात्मक वाटली असावी. पत्नी कमावती झाली तेव्हा तिचे वास्तव्य हा प्रश्न झाला. स्थलांतर कायद्यातही तसेच घडले : पत्नी जोवर पतीच्या राष्ट्रीयत्वात विरघळलेली होती तोवर तिच्या वास्तव्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

२००८ च्या कायद्याची भाषा बारकाईने वाचली तर तो १८५५ कडे परतला आहे असे वाटण्याचा संभव आहे. जोडीदाराची स्थिती पुन्हा एकदा सैनिकाच्या हुकमावर टेकविली गेली. परंतु ही तुलना पूर्णपणे खरी नाही. १८५५ च्या कायद्याने स्त्रीला पतीचे राष्ट्रीयत्व दिले. २००८ च्या कायद्याने तिचे स्वतःचेच जे आहे ते राखले. सैनिक स्वतः नागरिक नसला तरी ही सवलत मिळते, आणि जोडीदार पुरुष असला तरीही मिळते. आधार पतीचा असला तरी हक्क तिचा, असा हा मधला मार्ग आहे.

तथापि हुकमाचा आधार जेथे सुटतो तेथे सवलतही सुटते. ‘बरोबर राहत असणे’ ही अट या कायद्याचा कणा आहे, आणि युद्धकाळात नेमकी तीच पाळता येत नाही. लढाईच्या क्षेत्रातील नेमणूक एकट्याची असते. पती इराकमध्ये असताना लहान मुलांना घेऊन मनिलात किंवा सेऊलमध्ये आईकडे जाऊन राहिलेली रहिवासी पत्नी कोणाही हुकमात नसते. तिला परवाना, तात्पुरत्या भेटीचा पुरावा आणि १९७५ ची कसोटी हेच उपाय उरतात. पटावर नाव नसलेल्या, स्वखर्चाने छावणीबाहेर घर घेऊन राहिलेल्या जोडीदाराचेही तसेच. विवाह तुटत आला असेल तर ‘वैवाहिक सहवास’ या शब्दांमुळे स्त्रीची स्थिती पतीच्या हाती जाते. १९८६ च्या कायद्यापासून नव्या विवाहातून मिळालेले वास्तव्य पहिली दोन वर्षे सशर्त असते आणि अट उठविण्याचा अर्ज सामान्यतः पतिपत्नींनी मिळून करावयाचा असतो. परदेशी छावणीत ही गोष्ट अधिकच बिकट होते.

मुलांच्या बाबतीत तर हाच वाद नव्याने उपस्थित झाला. २००० च्या कायद्याने नागरिकाचे रहिवासी मूल अमेरिकेत ‘राहत’ असल्यास आपोआप नागरिक होते. परदेशी नेमलेल्या सैनिकाचे तेथे बरोबर असलेले मूल अमेरिकेत राहते असे पूर्वी मानले जाई. २८ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिकत्व खात्याने ही भूमिका सोडली : छावणी म्हणजे अमेरिका नव्हे, म्हणून मूल आपोआप नागरिक होत नाही; पालकाने त्याच्यासाठी अर्ज केला पाहिजे. सैनिक संघटनांत व वृत्तपत्रांत यावर मोठा गदारोळ झाला. सात महिन्यांत, २६ मार्च २०२० रोजी, काँग्रेसने कायदा करून सैनिक व सरकारी नोकर यांच्या बरोबर परदेशी राहणाऱ्या मुलांना पुन्हा ‘अमेरिकेत राहणारी’ ठरविले. त्या कायद्यातही अट तीच आहे : मूल हुकमान्वये बरोबर राहत असले पाहिजे.